चार नंबरची बाटली

बियाण्यासाठी राखलेले वाल जितेशने डब्यातून चांगले वाटीभर काढले आणि पडवीत नेऊन ठेवले. दारूला मार्क द्यायला.

पाच देशांच्या वाइनच्या पाच बाटल्या होत्या. स्वस्तातल्या, पण लाल. कुठली कुठल्या देशाची ते कळू नये म्हणून प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळून वर आकडा टाकलेला. घोट आवडला तर बाटलीपुढच्या वाटीत पाचपर्यंत वाल टाकायचे, नावडला तर हात आवरायचा. चाखायला तिघं बसली होती. जितेश, त्याची बायको नम्रता आणि तिची नेरळहून आलेली आई, वनिताबाई.

"आई, तुम्ही आधी," जितेश म्हणाला.

इंदूबाई दाराशी उभी होती. पोटच्या पोराने तिला जन्मभर आये म्हटलं. 'आई' हा शब्द ह्या घरात सुनेबरोबर आला, तिच्या कपाटासारखा.

विहीणबाईने पेला उजेडाकडे धरला, आत नाक घातलं, घोट तोंडात घोळवला. "ह्याला बॉडी आहे," ती म्हणाली आणि चार वाल टाकले.

"बॉडी घाटात सापडतात," इंदूबाई म्हणाली. "पोलीस येऊन नेतात."

नम्रता फिसकन हसली. जितेश हसला नाही. "आये, तू गप गं. आईंना कळतं त्यातलं."

सुरुवातीला पेला तिच्याहीपुढे केला होता त्याने. "मी नाय शिवायची असल्या पाण्याला," ती म्हणाली होती. पुन्हा कुणी विचारलं नाही. इकडे कडाव गावात नको म्हणणाऱ्या माणसाला तीनदा विचारायची रीत आहे. तिसऱ्यांदा तिने घेतलाही असता.

दुसरी बाटली आंबट निघाली. "ही कुठल्या देशाची असेल बरं?" नम्रता म्हणाली.

"देशावरचीच असंल. घाट उतरता उतरता आंबली," इंदूबाई म्हणाली. ह्या वेळी नम्रताही हसली नाही.

तिसऱ्या बाटलीचा घोट घेऊन जितेश थांबला. विहीणबाईच्या हाताकडे बघत राहिला. तिने तीन वाल टाकले, मग ह्यानेही तीनच टाकले. ते इंदूबाईच्या नजरेतून सुटलं नाही. ह्या पोराची जीभ तिने घडवली होती. कालवणात मीठ कमी पडलं तर शाळेत जायच्या आधीपासून सांगायचा. तो आता दुसऱ्याच्या मुठीकडे बघून चव ठरवत होता.

"आये, चार नंबर आण गं फ्रीजमधून."

उरलेल्या दोन बाटल्या आत गार होत होत्या. हवा लागायला म्हणून बुचं त्याने आधीच सैल केलेली. शेजारी तिच्या जांभळाच्या सरबताची बाटली होती, जांभळांच्या दिवसांत घातलेली. पूर्वी शेतावरून आला की लोटाभर प्यायचा. ह्या वर्षी बूचसुद्धा उघडलं नव्हतं.

इंदूबाईने चार नंबर मोरीत ओतली आणि सरबत भरलं. रंग तोच. कागद ओढून नीट केला.

आता विहीणबाई नाक घालील, बॉडी सांगेल, वाल टाकील. मग आपण एकच वाक्य बोलायचं. पडवीपर्यंत जाताना तिने ते मनात दोनदा घोळवून घेतलं.

विहीणबाईने घोट घेतला. घोळवता घोळवता ती थांबली. पेल्यावरून तिने इंदूबाईकडे पाहिलं. इंदूबाईने डोळे खाली केले नाहीत. मग विहीणबाईने पेला तळापर्यंत रिकामा केला आणि वाटीत पाच वाल टाकले.

"पाच?" जितेश म्हणाला.

"मला आवडली."

इंदूबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात जितेशने घोट घेतला, नाक मुरडलं, आणि उठून पेल्यातलं उरलेलं अंगणात भिरकावलं.

"ह्याला पाच, आई? नुसतं गोडमिट्ट. तुरट ते तुरट. ही ज्यांनी बनवली ना, त्या लोकांना जीभच नाय."

नम्रताने आपला पेला तसाच खाली ठेवला. वाटीत विहीणबाईचे पाच वाल तेवढे राहिले.

इंदूबाईने तोंड मिटलं.

"बघू तरी कुठली," म्हणून नम्रताने कागद सोडवला. "चिली."

"तरीच," जितेश म्हणाला.

विहीणबाई पदराने ओठ टिपत होती. हे सरबत आहे, एवढं ती बोलली असती तर सगळी पडवी हसली असती. तिने पाचवीसाठी पेला पुढे केला.

सगळं आटोपल्यावर इंदूबाईने वाट्या गोळा केल्या. आत जाऊन सगळे वाल एकाच पातेल्यात ओतले. कुणाचे कुठले, एक झाले. दारूच्या हातांनी चिवडलेलं बियाणं काय पेरायचं, उद्या बिरडं होईल.

मागोमाग विहीणबाई रिकामे पेले घेऊन आली. ते मोरीत ठेवले. बाहेर जितेशचा आवाज चालू होता. तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं,

"विहीणबाई, जांभळं कुठली हायत?"

लग्न ठरल्यापासून आजवर तिच्या तोंडून इंदूबाईने 'आहेत'च ऐकलं होतं.

इंदूबाई वालांवर पाणी ओतत राहिली. वाल बुडाले, तरी ओतत राहिली.

"चिलीची," ती म्हणाली.