यादीतलं तिसरं नाव

आजाऱ्यांची यादी हातात घेऊन सर उभे राहिले, तेव्हा पहिल्याच बाकावरच्या दोघांचे डोळे मिटलेले होते. ते प्रार्थनेसाठी की झोपेसाठी, हे एक देवच जाणे. पाद्री घडवणाऱ्या ल्यूथरन सेमिनरीची शिस्त कडक. सकाळी साडेसहाला चॅपेलमध्ये हजर म्हणजे हजर, मग आदल्या दिवशी ग्रीकच्या परीक्षेने जीव का काढलेला असेना.

यादीची रीत ठरलेली. एकेक नाव घ्यायचं, त्याच्यासाठी मागणं मागायचं, मग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "प्रभो, आमची विनंती ऐक." ते झाल्याशिवाय पुढच्या नावाकडे जायचं नाही. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की एकदा प्राचार्यांनी मध्येच न्हाणीघरातले नळ नीट बंद करायला सांगितलं, तर चाळीस जणांनी त्यालाही विनंती ऐक म्हणून टाकलं.

तिसरं नाव सरांच्या बायकोचं होतं. सात महिने ते तिथेच होतं. डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते, तरी रोज कुणीतरी तिला बरं करायला सांगायचं, आणि अंगणापलीकडच्या खोलीत पडल्यापडल्या ती उघड्या खिडकीतून ते ऐकायची. काल संध्याकाळी तिने सरांना बजावलं होतं, की आता हे ऐकवत नाही. उद्या तुमची पाळी आहे, तर मी स्वतःसाठी जे मागते तेच मागा. सरांनी शब्द दिला होता. आता तो पाळणं जिवावर आलं होतं.

पहिली दोन नावं झाली.

"माझी बायको फार थकली आहे," सर म्हणाले. "तिला बरं करू नकोस आता. घेऊन जा."

मिटलेले डोळे उघडले. प्राचार्य फरशीकडे बघू लागले. एरवी न ऐकताच विनंती ऐक म्हणणारी पोरं आज नेमकी ऐकत होती, आणि ऐकल्यावर कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. सरांना पुढे जाता येईना की बोललेलं मागे घेता येईना. तिथेच फरशीवर बसून घ्यावं असं त्यांना वाटलं.

मग मागच्या दारातून एकटीचा आवाज आला, "प्रभो, आमची विनंती ऐक." स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी होत्या त्या. सात महिने बाईंना न्हाऊमाखू घालत होत्या, भरवत होत्या. सरांनी चौथं नाव घेतलं. त्याला मात्र सगळ्यांनी सुटल्यासारखा मोठ्याने प्रतिसाद दिला.

नाश्त्याला न जाता सर सरळ खोलीवर गेले. ती उशीला टेकून जागी होती.

"मावशींचा आवाज ओळखला मी," ती म्हणाली. "तुमचा नाही आला."

"यादी वाचणाऱ्यानं ते म्हणायचं नसतं."

"मग इथं मी मागते. तुम्ही म्हणा."

हात जोडायला तिचा डावा हात उचलेना. तिने सरांचाच हात ओढून आपल्या उजव्या हातात धरला, डोळे मिटले आणि देवाला सांगितलं, की आता पुरे, मला ने. एवढं बोलूनच तिला धाप लागली. मग ती वाट पाहू लागली.

अंगणातून पोरं नाश्त्याला गेली. त्यांची बडबड भिंतीआड विरली. ती वाट पाहतच होती.

"प्रभो," सर म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "आमची विनंती ऐक."

तिने हात सोडला.

"आता जा, खाऊन घ्या काहीतरी," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी पोरांवर फार डाफरता तुम्ही."