या आता

दिनानाथांच्या डोक्यावर तारांची टोपी होती आणि ओवीचं कार्ड राजसीच्या ड्रॉवरमध्ये होतं.

"नीट ऐका हं काका," हॉस्पिटलात टेस्ट घेणारी राजसी हातातला कागद वाचू लागली. "मी ‘आता जा’ म्हणाले, की लगेच कार्ड परत मागायचं. त्याआधी नाही. मी आठवण करून देणार नाही. आणि काकू, तुम्हीसुद्धा नाही."

सुनेत्राबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. नवऱ्यासमोर गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं, पण आज सगळं त्या कार्डावर होतं.

मेंदूच्या ऑपरेशननंतर दिनानाथांना झालेलं सगळं आठवायचं. अंबरनाथच्या कारखान्यातल्या पहिल्या साहेबाचा सदरासुद्धा. करायचंच तेवढं निसटून जायचं. जूनमध्ये ते नातीला शाळेतून आणायला निघाले आणि शिवमंदिरापाशी शहाळं पीत बसून राहिले. इकडे ओवी वॉचमनच्या स्टुलावर बसून रडत होती. मुलांना न्यायला लागणारं, आजोबांचा फोटो असलेलं कार्ड सुनेत्राबाईंनी त्याच दिवशी काढून घेतलं. तेव्हापासून शाळा सुटायच्या वेळी दिनानाथ गॅलरीत जाऊन उभे राहायचे, आणि ते बघून सुनेत्राबाईंना फार वाईट वाटायचं. आज टेस्ट जमली तर कार्ड पुन्हा त्यांच्या खिशात जाणार होतं.

पडद्यावर चित्रं सरकू लागली. मांजर दिसलं की बटण दाबायचं, इतकंच. दुसऱ्या पडद्यावर दिनानाथांच्या मेंदूच्या रेघा धावत होत्या. करायचं काम मनात धरून ठेवलं की कपाळामागचा भाग जागा राहतो, असं राजसीने मघाशी समजावलं होतं. सुनेत्राबाईंना रेघांतलं काही कळत नव्हतं. त्या आपल्या प्रत्येक रेघेला मनातल्या मनात हात जोडत होत्या.

चित्रं संपली. एकही मांजर चुकलं नव्हतं.

"वा काका! झालं," राजसी हसून म्हणाली. "या आता."

दिनानाथ राजसीच्या तोंडाकडे बघत राहिले. सुनेत्राबाईंनी डोळे मोठे केले, ड्रॉवरकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं हं काका सगळं," राजसी हलकेच म्हणाली. "या."

तरी काही नाही. राजसीचा चेहरा उतरला. तिने कागदावर फुली मारली. ती फुली बघून सुनेत्राबाईंचे डोळे भरून आले.

"अहो, उठा," त्या कशाबशा म्हणाल्या. "चला घरी."

दिनानाथ जागचे हलले नाहीत. राजसी टोपी काढायला पुढे झाली आणि पडद्याकडे बघून थबकली. कपाळामागचा भाग अजून जागाच होता.

दिनानाथांनी तिचा हात बाजूला सारला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि त्यांचा धीर सुटला.

"अगं पोरी, मघापासून नुसतं ‘या, या’ काय लावलंयस? एकदाचं ‘जा’ म्हण ना! कार्ड मागायचंय मला, ओवीची शाळा सुटेल!"