भरवशाचं अपडेट

मालाडच्या ऑफिसातले नऊशे संगणक मुकुल आपल्या खुर्चीत बसून सांभाळायचा. आज सकाळी त्याने सगळ्यांवर एकदम नवं अपडेट सोडलं, आणि दहाव्या मिनिटाला मजलेच्या मजले काळेठिक्कर पडदे बघत बसले. तेवढ्यात मुकुलचे साहेब टिपणीस सर स्वतः जिना उतरून आले. आता नोकरी गेलीच!

"आईशप्पथ सर," तो कसाबसा म्हणाला, "या अपडेटवर माझा शंभर टक्के भरवसा होता. जरा जरी शंका असती ना, तर एकाही मशीनवर टाकलं नसतं."

सरांनी शांतपणे मान डोलावली. मग ऑफिसातल्या एकमेव चालू संगणकाकडे बोट दाखवलं.



"मग तुझ्या मशीनवर का नाही टाकलंस रे?"