नव्या माणसाचा पहिला फोन

"यांचे मोबाइल माझ्याकडेच जमा असतात, शेठ. कामात लक्ष राहतं," नव्या हमालांना घेऊन आलेला मुकादम हातातली पिशवी हलवत म्हणाला.

तुळशीरामशेठच्या हातातला चहा तसाच राहिला. घरसामान हलवणाऱ्या त्यांच्या कंपनीत नवा माणूस पहिलं खोकं उचलण्याआधी घरी फोन लावायचा. तसा नियमच होता.

त्यांना तो पिवळा एसटीडी बूथ आठवला. बाहेरून कुलूप लावलेल्या गोदामात आठ महिने काढल्यावर एका ट्रकड्रायव्हरने त्यांना तिथे नेलं होतं. गावचा वाणी आईला बोलावून आणेपर्यंत फोनमधून कोंबड्यांचा कलकलाट येत होता. इतकं गोड त्यांनी पुन्हा काही ऐकलं नाही.

त्यांनी आपला मोबाइल पिकल्या मिशांच्या एका हमालाला दिला. "मी बोलतोय," एवढंच म्हणून त्याने शेठकडे पाहिलं.

"बोला की! कुठे आहात ते सांगा," शेठ म्हणाले.

"बायको तेच विचारतीय," तो पुटपुटला. "पण मला कुठं ठाऊक आहे?"

तेव्हा त्या बूथवर तुळशीरामलाही आपण कुठे आहोत ते ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरने दुकानाची पाटी वाचून सांगितली होती.

मुकादमाच्या हातातली पिशवी काढून घेत शेठनी फोन कानाला लावला.

"वहिनी, पत्ता लिहून घ्या."