मागच्या बाजूची खोली

"पोहायला तलाव नसेल तर ते हॉटेल कसलं, ती धर्मशाळा," असा निकाल देऊन मानांग कोन्सिंगने पुठ्ठ्यावर पाय पसरले.

रविवार होता. हाँगकाँगभर लोकांची घरं आणि म्हातारीकोतारी सांभाळणाऱ्या फिलिपिनी बायकांना आठवड्याचा हाच एक दिवस आपला. पुलाखाली, नेहमीच्या तिसऱ्या खांबाशी, तिघींची पुठ्ठ्यांची बैठक पडली होती. चपला कडेला ओळीने, मध्ये शेवयांचा डबा. पण आज डब्यापेक्षा दिविनाच्या मोबाइलवरच जास्त हात पडत होते. तिची आई आणि नऊ वर्षांची लेक त्रिक्सी चार दिवसांसाठी येणार होत्या, आणि हॉटेल आजच ठरवायचं होतं.

"तलाव राहू दे, नाश्ता बघा," जोबेल म्हणाली. "नाश्त्याला भात नसेल तर दिविनाची आई पाव बघूनच परतीचं विमान पकडेल."

"माझी नानाय भाताचं भांडं घेऊनच येतेय," दिविना म्हणाली. "आणि अंघोळीचा मगसुद्धा. शॉवरखाली उभं राहायला मी काय झाड आहे का, म्हणते."

मानांगला इथे एकोणीस वर्षं झाली होती. तिघींत ती वयानेही मोठी, म्हणून नावाआधी मानांग, म्हणजे थोरली ताई. सहलींचा कारभार तिने कुणी न सांगताच हाती घेतला होता आणि यादी थेट पुठ्ठ्यावरच लिहीत होती. पहिल्या दिवशी जादूचा किल्ला, दुसऱ्या दिवशी केबलकार आणि मोठा बुद्ध, तिसऱ्या दिवशी ट्रामने डोंगरावर.

"नानायला बुद्ध कशाला दाखवतेस?" जोबेलने विचारलं. "ती चोवीस तास जपमाळ ओढणारी बाई."

"केबलकारचा तळ काचेचा आहे. त्यात बसव, माळ दुप्पट वेगाने ओढेल."

दिविना हसली, पण तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. मालकीणबाईंनी सुट्टी दिली होती ती फक्त दिवसाची. रोज सात वाजता घरी परत यायचं. त्यांची ब्याण्णव वर्षांची आई दिविनाशिवाय कुणाच्या हातून औषध घेत नसे. दुसऱ्या कुणी दिलं तर म्हातारी गोळी गालात धरून ठेवायची आणि संधी मिळताच कुंडीत थुंकायची. दिविनाला त्याचं काही नव्हतं. प्रश्न त्रिक्सीचा होता. सहा वर्षांपूर्वी पोरीचं रडं बघवणार नाही म्हणून दिविना तिला झोपेत सोडून विमानतळावर गेली होती. पोर उठली तेव्हा आई नव्हती. नंतर दोनदा ती गावी गेली, तर दोन्ही वेळा पोर तिच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपली. आता फोनवर तिचं एकच पालुपद होतं, "मी झोपल्यावर तू पुन्हा जाणार का?" पंधरा दिवस दिविना या प्रश्नाला बगल देत होती.

"हे घे." मानांगने मोबाइल तिच्या नाकाखाली धरला. "अगदी बंदरावर. तलाव आहे, भात आहे, बाहेर पडलं की बोट."

दिविनाने बोटाने तो फोटो सरकवला आणि दुसराच काढला. "मी हे ठरवलंय."

तलाव नाही, नाश्ता नाही. खोली म्हणजे खिडकी पाडलेलं कपाट. हॉटेल होतं दिविनाच्या मालकीणबाईंच्या घरामागच्या गल्लीत.

"अगं, पोर विमानात बसून येणार आणि तू तिला कोंबडीच्या खुराड्यात ठेवणार?" मानांग खरोखरच चिडली. "आपल्या गावात आहेत की खुराडी. आता निदान समुद्राच्या बाजूची खोली माग. आणि फोन स्पीकरवर लाव, तुला बोलता येत नाही."

दिविनाने फोन लावला. पलीकडचा माणूस गोड होता. "समुद्राकडची एक शिल्लक आहे, बाई. त्याच दरात देतो."

मानांगने कृतार्थपणे डोळे मिटले.

"नको," दिविना म्हणाली. "मागच्या बाजूची द्या. अकरावा मजला, डावीकडून तिसरी."

"मागे बघण्यासारखं काही नाही हो," तो म्हणाला. "दहा हातांवर दुसरी इमारत आहे. तिथली स्वयंपाकघरं दिसतात. लोक दिवसासुद्धा पडदा ओढून ठेवतात."

"तेच हवंय. समोरच्या खिडकीत पिवळे हातमोजे वाळत असतात. ते माझे. संध्याकाळी भांडी घासायला आणि सकाळी पेज चढवायला मी तिथेच उभी असते. माझी लेक येतेय. झोपताना आणि उठल्यावर तिला मी दिसले पाहिजे."

मग तो म्हणाला, "पलंग खिडकीशी सरकवून ठेवतो, बाई."

फोन ठेवल्यावर जोबेल डब्याचं झाकण उगाच लावत आणि काढत बसली. मानांगने पुठ्ठ्यावरची यादी पुन्हा पुढे ओढली आणि जादूच्या किल्ल्याच्या वर, अगदी कडेला, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

"चार दिवस भांडी घासताना लिपस्टिक लावायची," ती दिविनाकडे न बघता म्हणाली. "आणि पोरीचा डोळा लागेपर्यंत भांडी संपवायची नाहीत. एकच ताटली घासत बस."