कोमट पाणी

चौकातला पुतळा उद्याच्या समारंभासाठी धुवायचा होता. नगरपालिकेचा सफाईवाला शिडीवर चढला, बादलीत हात घालून म्हणाला, "मुकादम, पाणी फार गार आहे हो. कोमट मिळेल का?"

"का? पुतळ्याला सर्दी होईल?" खालून मुकादम खो खो हसला. "हात चालव बाबा, मंडपवाले येतील आता."

तो हसला नाही, चिडलाही नाही. गेले पंधरा दिवस त्याला कशाचं काही वाटतच नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना त्याने सहा वर्षं रोज स्वतःच्या हाताने आंघोळ घातली होती. ते गेले, तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "अहो, एकदा रडून तरी मोकळे व्हा," असं बायको रोज विनवायची आणि तो नुसती मान हलवायचा.

खाली गाड्यांचा गोंगाट चालला होता. कबुतरांची घाण खरवडायला दिलेला ब्रश त्याने खिशातच ठेवला. मऊ फडक्याने आधी मान पुसली, मग कानांच्या मागे. साबणाचा फेस कपाळावरून ओघळू लागला, तसा त्याने पुतळ्याच्या भुवयांवर हाताचा आडोसा धरला.

"बाबा, डोळे मिटा. झालंच आता."

शिडीपाशी उभ्या मुकादमाने ते ऐकलं. तो रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेला आणि दुसरी बादली भरून घेऊन आला. पाण्यात बोट बुडवून त्याने वर पाहिलं.

"बघ रे, एवढं चालेल का त्यांना?"