जावयाचे बूट

नवव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या मांडीचं हाड तिसऱ्यांदा मोजलं. “आखूडच भरतंय,” त्या म्हणाल्या, तशी टेबलावरच्या लेकीने शालनताईंचा हात घट्ट धरला.

“बाळाचे बाबा आलेत ना? बोलवा आत.”

जावई दारातच घुटमळला. चपला-बूट बाहेर काढायचे होते, आणि त्याची निम्मी ऐट त्या उंच टाचांच्या बुटांत होती. बघायच्या कार्यक्रमातच शालनताईंनी ते बूट हेरले होते. “तुझ्या खांद्याला लागतो गं,” असं लेकीला टोचायची एकही संधी त्यांनी तेव्हापासून सोडली नव्हती.

तो मोज्यांवर आत आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. फार वेळ लागला नाही. मग त्या हसल्या. “अहो, बाळ बाबांच्या वळणावर गेलंय! वजन, पाणी, रक्तपुरवठा, सगळं छान आहे. निर्धास्त घरी जा.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई बूट चढवायला वाकला, तेवढ्यात शालनताईंनी त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

“राहू द्या ते बूट, जावईबापू. देवाने तुम्हाला बुटकं केलं, त्याचे लाख उपकार!”